उतारा कोणाच्या नावावर? : वेबसाइटची भाषा आणि आपले छोटे व्यवसाय

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या कार्यकर्त्यांनी यंदा बोलायला सांगितले तेव्हा विषयही त्यांनीच दिला. ते म्हणाले, "आपल्या व्यापारी मंडळींना त्या वेबसाइटवाल्यांची भाषा कळेल असे काहीतरी सांगा." मागणी रास्त आहे. सदलग्यात आणि आसपासच्या गावांत आपली मराठी घरे पिढ्यानपिढ्या व्यवसाय करत आली. कोणाचे किराणा दुकान, कोणाचे कापडाचे, कोणी चटणी-मसाला करते, कोणाचा गुळाचा व्यापार, कोणाचे शेतीच्या अवजारांचे सुटे भाग. आता घरची मुले म्हणतात, आपले नाव नेटवर पाहिजे. आणि एक दिवस फोन येतो, "काका, वेबसाइट करून देतो. डोमेन फ्री, होस्टिंग फ्री, एसएसएल फ्री, एसईओ फ्री." चार गोष्टी फुकट, आणि चारींतली एकही काय असते ते काकांना ठाऊक नाही. तरी काका हो म्हणतात, कारण विचारायला संकोच वाटतो.

हा संकोच सोडावा एवढ्यासाठी आजचे बोलणे आहे. आपण सीमाभागातली माणसे. तराजूवर बसून गिऱ्हाईक बघून मराठी बोलतो, पुढच्या गिऱ्हाइकाला कन्नडमध्ये भाव सांगतो. दोन भाषा ज्यांच्या तोंडात खेळतात त्यांना पंधरा-वीस शब्दांची तिसरी भाषा जड नाही.

आणि आम्ही सरकारी कार्यालयात काम करणारे लोक, त्यामुळे आमची एक सवय आधीच सांगून टाकतो. समोर कोणताही विषय आला की आम्ही पहिला प्रश्न विचारतो, कागद कोणाच्या नावावर आहे? जमीन कसणारा कोण, घर बांधणारा कोण, हे नंतर. आधी उतारा. आजच्या बोलण्याचे सारही हेच आहे. वेबसाइट दिसते कशी हे नंतर पाहा. ती कोणाच्या नावावर आहे हे आधी पाहा.

रस्ता आणि दुकाने

सुरुवात अगदी मुळापासून करू. इंटरनेट आणि वेबसाइट हे दोन वेगळे शब्द आहेत. इंटरनेट हा रस्ता आहे. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी हा रस्ता १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम लिमिटेडने खुला केला. या रस्त्यावरून ईमेल जाते, व्हॉट्सॲप जाते, बँकेचे व्यवहार जातात. या रस्त्याच्या कडेला जी दुकाने, कचेऱ्या, वाचनालये उभी आहेत, त्या म्हणजे वेबसाइट. ही दुकाने मांडायची पद्धत टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधन संस्थेत १९८९ मध्ये सुचवली. सर्नने ३० एप्रिल १९९३ रोजी ही पद्धत जगाला मोफत वापरायला दिली. कोणी पेटंट लावून बसले असते तर आज आपल्याला प्रत्येक पानाला जकात भरावी लागली असती.

वेबसाइटमध्ये अनेक पाने असतात, त्या प्रत्येकाला वेबपेज म्हणतात. पहिले पान म्हणजे होमपेज, दुकानाचा दर्शनी भाग. ज्या ॲपमधून आपण ही पाने बघतो ते ब्राउझर. क्रोम, फायरफॉक्स ही त्यांची नावे. आणि 'अमुक कुठे मिळेल' असे विचारल्यावर जो यादी काढून देतो तो सर्च इंजिन. गुगल हे त्यातले मोठे नाव. ब्राउझर म्हणजे आपली गाडी आणि सर्च इंजिन म्हणजे चौकात उभा राहून पत्ता सांगणारा माहीतगार माणूस. गाडी आणि माणूस यांत गल्लत करू नये.

डोमेन म्हणजे पाटीवरचे नाव

आता मुख्य शब्द, डोमेन. रस्त्यावरच्या प्रत्येक कॉम्प्युटरला एक क्रमांक असतो, त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. माणसाला असे लांबलचक आकडे लक्षात राहत नाहीत. म्हणून पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डोमेन नेम सिस्टिम म्हणजे डीएनएस ही व्यवस्था तयार केली. आपण मोबाइलमध्ये 'मामा' या नावावर बोट ठेवतो आणि फोन मामांचा दहा आकडी नंबर आपोआप लावतो. डीएनएस हेच काम साऱ्या जगासाठी करते. आपण नाव लिहायचे, नंबर ती शोधते.

हे नाव म्हणजे डोमेन. निपाणीच्या पेठेत ज्यांच्या घरी तंबाखूचा किंवा विडीचा व्यवसाय झाला त्यांना नावाची किंमत सांगायला नको. गिऱ्हाईक विडी ओढून निवडत नाही, बंडलावरचे लेबल बघून उचलते. लेबल गेले की धंदा गेला. डोमेन हे आपले नेटवरचे लेबल आहे.

हे नाव जिथून घ्यायचे त्या विक्रेत्याला रजिस्ट्रार म्हणतात. रजिस्ट्रारच्या वर रजिस्ट्री असते. 'डॉट इन'ने संपणाऱ्या नावांची रजिस्ट्री म्हणजे २००३ मध्ये स्थापन झालेली निक्सी, अर्थात नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया. २००५ पासून 'डॉट इन' नाव कोणालाही घेता येते. साऱ्या जगाच्या नावांची घडी बसवणारी संस्था म्हणजे आयकॅन, १९९८ मध्ये सुरू झालेली. गाव, तालुका, जिल्हा अशी जशी आपली दप्तरे, तशीच ही उतरंड आहे.

या दप्तरात ज्याच्या नावे डोमेन लागते त्याला रजिस्ट्रंट म्हणतात. आपल्या भाषेत खातेदार. आणि इथेच आपली माणसे फसतात.

आपल्याच भागातील एका व्यावसायिकाची हकीकत आहे. नाव-गाव सांगत नाही. घरची चटणी आणि मसाले विकणारे कुटुंब. त्यांनी एकाकडून वेबसाइट करून घेतली, पैसे एकरकमी दिले. वेबसाइट चांगली झाली. पिशव्यांवर, पावत्यांवर, टेम्पोच्या मागे सगळीकडे तिचे नाव छापले. दोन वर्षे बरी गेली. मग एक दिवस वेबसाइट उघडेना. करून देणाऱ्याचा फोन बंद. शोध घेतल्यावर कळले की डोमेन त्या करून देणाऱ्याच्याच नावे, त्याच्याच ईमेलवर, त्याच्याच खात्यात घेतलेले होते. त्याने धंदा सोडला, वर्षाची फी भरली नाही, नाव मोकळे झाले आणि कोणी तिसऱ्यानेच ते घेतले. पैसे दिल्याची पावती यांच्याकडे होती, पण पावतीवर नुसते 'वेबसाइट' लिहिलेले. घर यांनी बांधले, उतारा दुसऱ्याच्या नावे. छापलेल्या पिशव्या पडून राहिल्या आणि बाहेरगावच्या गिऱ्हाइकांना वाटले की या मंडळींनी धंदा बंद केला.

त्या करून देणाऱ्याचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळदा हे लोक सोयीसाठी सगळ्या गिऱ्हाइकांची नावे आपल्या एकाच खात्यात घेतात. पण सोय त्यांची आणि जोखीम आपली, हा सौदा आपण का करावा?

डोमेन कायमचे विकत मिळत नाही, हेही लक्षात घ्या. ते ठरावीक मुदतीसाठी नोंदवले जाते, एका वर्षापासून दहा वर्षांपर्यंत. मुदत संपण्याआधी पुन्हा फी भरायची, त्याला रिन्यूअल म्हणतात. घरपट्टी थकली म्हणून घर उद्याच जात नाही; डोमेनचे तसे नाही. मुदत संपली की काही दिवस सवलतीचे, पुढे काही दिवस दंडाचे, आणि मग ते नाव कोणीही उचलावे.

विसरण्याचा दोष फक्त आपल्यासारख्या छोट्यांकडे असतो असे समजू नका. सबीर भाटिया यांनी सुरू केलेली हॉटमेल ही ईमेल सेवा पुढे मायक्रोसॉफ्टने विकत घेतली. १९९९ च्या डिसेंबरात, ऐन नाताळात, अनेकांचे हॉटमेल उघडेना. कारण काय, तर त्या सेवेला लागणाऱ्या 'पासपोर्ट डॉट कॉम' या नावाची फी भरायला मायक्रोसॉफ्ट विसरली होती. फी होती ३५ डॉलर. शेवटी एका त्रयस्थ प्रोग्रामरने स्वतःच्या खिशातून ती भरली आणि सेवा सुरळीत झाली. सगळ्यांनाच असा भला माणूस भेटत नाही. म्हणून रिन्यूअलची तारीख घरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवा, दुधाच्या हिशेबाशेजारी.

आपल्या नावासारखेच नाव दुसऱ्याने घेतले तर? त्यालाही कायद्यात दाद आहे, आणि हा निकाल आपल्या कर्नाटकातूनच वर गेलेला आहे. सत्यम इन्फोवे ही कंपनी 'सिफी' या नावाने व्यवसाय करत होती. दुसऱ्या एका कंपनीने 'सिफीनेट' अशी नावे घेतली. खटला बंगळुरूच्या दिवाणी न्यायालयात उभा राहिला, तिथे सत्यमच्या बाजूने तात्पुरती मनाई मिळाली, उच्च न्यायालयाने ती उठवली, आणि मे २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा बहाल केली. डोमेन हा नुसता पत्ता नसून व्यापारी नावासारखीच ती ओळख आहे आणि तिला तसेच संरक्षण मिळू शकते, असे न्यायालयाने मानले. पण कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा आधीच हजार रुपयांच्या आसपासची वर्षाची फी भरून नाव आपल्याकडे ठेवणे केव्हाही स्वस्त.

पत्ता उजवीकडून वाचा

आता पत्ता वाचायचा कसा ते पाहू. हे व्यापाऱ्यालाच नव्हे, घरातल्या प्रत्येकाला उपयोगी आहे. वेबसाइटच्या पूर्ण पत्त्याला यूआरएल म्हणतात. कर्नाटकात २००० मध्ये 'भूमी' योजना सुरू झाली आणि जमिनीचे उतारे कॉम्प्युटरवर आले. आज आपण उतारा, म्हणजे आरटीसी, ज्या ठिकाणी बघतो त्याचा पत्ता आहे 'लँडरेकॉर्ड्स डॉट कर्नाटक डॉट जीओव्ही डॉट इन'. हा पत्ता उजवीकडून वाचा. इन म्हणजे भारत. जीओव्ही म्हणजे सरकार. मग कर्नाटक. मग जमिनीची दप्तरे. पोस्टाच्या पाकिटावर आपण नाव, गाव, तालुका, जिल्हा, राज्य असे वरून खाली लिहितो आणि पोस्टवाला पाकीट खालून वर वाचतो. तसेच हे.

खरा अर्थ उजव्या टोकाला असतो, म्हणून फसवणारे डाव्या टोकाला खेळ करतात. पत्त्यात कुठे तरी 'कर्नाटक' आहे, 'जीओव्ही' आहे, पण शेवटी भलतेच काहीतरी आहे, असे दिसले की थांबा. 'जीओव्ही डॉट इन' हा शेवट सरकारी संस्थांशिवाय कोणाला मिळत नाही. पत्त्यात पहिली तिरकी रेघ येते तिच्या आधीचा भाग बघा. रेघेनंतरचे ते आतल्या पानाचे नाव, तिथे कोणी काहीही लिहू शकतो. बँकांच्या बाबतीतही रिझर्व्ह बँकेने असाच शेवट ठरवला. 'बँक डॉट इन' हा शेवट फक्त बँकांसाठी राखून ठेवला आणि त्यावर जाण्यासाठी बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली. कारण बनावट बँकांच्या पानांवर लोक पैसे घालवत होते.

आपल्या व्यवसायाला कोणता शेवट घ्यावा? 'डॉट कॉम' जगात सर्वांत परिचित, 'डॉट इन' आपल्या देशाचा. दोन्हींतले जे मिळेल, जे बोलून सांगता येईल आणि ऐकणाऱ्याला न विचारता लिहिता येईल ते घ्यावे. लांब नाव घेऊ नये.

नाव आपल्या लिपीतही घेता येते, हे मात्र पुष्कळांना माहीत नसते. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतील 'डॉट भारत' सुरू झाले. मराठी, कोकणी, हिंदीसह आठ भाषांना ते चालते. पुढे कन्नडसह इतर लिप्याही आल्या. आतल्या आत यंत्रणा त्या नावाचे रोमन अक्षरांत रूपांतर करते, कारण नावांची मूळ वही फक्त रोमन अक्षरे, आकडे आणि आडवी रेघ ओळखते. म्हणून कधी कधी पत्त्याच्या जागी 'एक्सएन'ने सुरू होणारे विचित्र अक्षरांचे जंजाळ दिसते. ते पाहून घाबरू नये, ते आपलेच नाव वेषांतर करून आलेले असते. आपल्या सदलग्यात १० ऑक्टोबर १९४६ रोजी जन्मलेले आचार्य विद्यासागर महाराज देशाला भारत म्हणा असा आग्रह धरीत. त्यांच्या गावच्या एखाद्या दुकानाची पाटी नेटवर 'डॉट भारत'ने संपली तर ते शोभूनच दिसेल. पण व्यवहाराचा सल्ला असा की रोमन अक्षरांतले नाव आधी घ्या, देवनागरीतले जोडीला.

होस्टिंग म्हणजे भाड्याची वखार

नाव झाले. आता माल ठेवायचा कुठे? वेबसाइटचे फोटो, मजकूर, भावपत्रक हे सगळे कुठल्या तरी कॉम्प्युटरवर असावे लागते, आणि तो कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू असावा लागतो, कारण पुण्यातले गिऱ्हाईक रात्री अकराला बघेल आणि दुबईतला भाचा पहाटे. अशा कॉम्प्युटरला सर्व्हर म्हणतात आणि त्यावरची जागा भाड्याने घेण्याला होस्टिंग. निपाणीच्या मंडळींना वखार म्हटले की लगेच कळेल. होस्टिंग म्हणजे भाड्याची वखार.

स्वस्तातल्या होस्टिंगला शेअर्ड होस्टिंग म्हणतात. एकाच वखारीत अनेकांचा माल. छोट्या दुकानाला ते पुरते. फक्त शेजाऱ्याकडे गर्दी झाली तर आपले दारही थोडे अडते, एवढे समजून घ्यावे.

डोमेन आणि होस्टिंग या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पाटीवरचे नाव एकाकडून, वखार दुसऱ्याकडून, असे चालते. वखारवाल्याशी पटले नाही तर माल उचलून दुसऱ्या वखारीत न्यायचा, नाव तेच ठेवायचे. गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही की आत काय बदलले. पण हे केव्हा जमते? नाव आपल्या ताब्यात असेल तेव्हा आणि मालाची एक नक्कल आपल्याकडे असेल तेव्हा. या नकलेला बॅकअप म्हणतात. महिन्या-दोन महिन्यांनी बॅकअप घेऊन तो घरच्या कॉम्प्युटरवर किंवा पेनड्राइव्हमध्ये ठेवायला सांगा.

वेबसाइट करणारा म्हणेल, "वर्डप्रेसमध्ये करतो." तेव्हा बिचकू नका. २००३ मध्ये आलेले हे मोफत साधन आहे. बांधकामाचा तयार सांगाडाच म्हणा. त्याचा फायदा असा की उद्या दुसरा कारागीरही त्यात काम करू शकतो. आणि भाव बदलायचा, फोटो बदलायचा तर घरची सूनबाईसुद्धा शिकून ते करू शकते. त्यासाठी जी मुख्य किल्ली लागते तिला ॲडमिन लॉगिन म्हणतात. ही किल्ली आपल्याकडे हवी. कारागिराला वेगळी, कमी हक्काची किल्ली काढून देता येते.

कुलूप आणि प्रामाणिकपणा

पत्त्याच्या सुरुवातीला 'एचटीटीपीएस' असे असते. त्यातला शेवटचा 'एस' म्हणजे सुरक्षित. त्यासाठी जे प्रमाणपत्र लागते त्याला बोली भाषेत एसएसएल म्हणतात. ते नसेल तर गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमध्ये 'नॉट सिक्युअर' अशी सूचना दिसते. क्रोमने जुलै २०१८ पासून ती सरसकट सुरू केली. म्हणजे आपल्या दुकानाबाहेर कोणीतरी 'इथे जपून' अशी पाटी लावल्यासारखे. म्हणून हे प्रमाणपत्र हवेच. पण लेट्स एन्क्रिप्टसारख्या संस्था ते फुकट देतात. साध्या वेबसाइटसाठी कोणी दरवर्षी हजारो रुपये मागू लागला, तर कशासाठी हे विचारायचा हक्क आपल्याला आहे.

आणि गिऱ्हाईक म्हणून हेही ध्यानात ठेवा. एचटीटीपीएस म्हणजे पाकीट बंद आहे, वाटेत कोणी वाचणार नाही, एवढेच. पाकीट ज्याला पाठवले तो माणूस सज्जन आहे याची ही हमी नाही. लबाडाच्या दुकानालाही कुलूप असते. लोकांचा हाच गैरसमज होतो म्हणून क्रोमने २०२३ मध्ये पत्त्याजवळचे कुलपाचे चित्र काढून टाकले.

पहिला नंबर कोणी विकत नाही

चौथा शब्द एसईओ. सर्च इंजिनला आपले दुकान सहज सापडावे म्हणून केलेली मांडणी, एवढाच त्याचा अर्थ. "गुगलवर पहिल्या नंबरला आणतो, गॅरंटी" असे कोणी म्हणाले की त्याला चहा पाजा आणि निरोप द्या. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, हे गुगल स्वतःच सांगते. पैसे देऊन वर येते ती जाहिरात, आणि तिच्यावर तसे लिहिलेले असते.

खरे काम साधे आहे, आणि सीमाभागात ते जरा वेगळे आहे. सर्च इंजिन मजकूर वाचते. व्हिजिटिंग कार्डाचा फोटो टाकला की काम झाले असे समजू नका. नाव, पत्ता, माल, वेळ हे सगळे अक्षरांत लिहा. आणि आपल्या भागात गावांची नावेही अनेक. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदात बेळगावी आले, पण पुण्या-मुंबईचे गिऱ्हाईक बेळगाव लिहिते आणि जुने लोक इंग्रजीत बेलगाम. निपाणी कोणी एका 'पी'ने लिहितो, कोणी दोन. सदलगाही इंग्रजीत दोन तऱ्हांनी लिहितात. म्हणून पत्ता मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत, तिन्ही लिप्यांत लिहावा. आपल्या पेठेत पाट्या कशा असाव्यात यावर वाद होऊ देत. नेटवर तिन्ही भाषांना जागा आहे, कोणाची अडत नाही, आणि गिऱ्हाईक तिन्ही दारांनी आत येते.

जत्रेतला स्टॉल

कोणी म्हणेल, आमचे फेसबुक पान आहे, व्हॉट्सॲपवर कॅटलॉग आहे, मग वेबसाइट कशाला? प्रश्न योग्य आहे. पुष्कळ छोट्या व्यवसायांना सुरुवातीला तेवढे पुरते. आणि गुगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे नकाशावर दुकानाची खूण, वेळ आणि फोन नंबर, ही सोय फुकट आहे. तीच आधी करावी. पण हे सगळे जत्रेतले स्टॉल आहेत. गर्दी भरपूर, विक्रीही होते, पण जागा दुसऱ्याची. मालकाने नियम बदलले, आपले खाते बंद केले, तर दाद मागायची कुठे? वेबसाइट हे आपल्या नावाचे, छोटे का होईना, दुकान. जत्रेत स्टॉल लावाच, पण पाटीवर घरच्या दुकानाचा पत्ता लिहा. आणि त्या प्रोफाइललाही मालक आणि मॅनेजर असे वेगळे हक्क असतात. मालक आपण, बाकीचे मॅनेजर.

घरच्या पत्त्याचे महत्त्व कोल्हापुरी चपलेने अलीकडेच शिकवले. या चपलेचे भौगोलिक मानांकन आठ जिल्ह्यांचे आहे: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे महाराष्ट्रातले चार आणि बेळगावी, धारवाड, बागलकोट, विजयपूर हे कर्नाटकातले चार. सीमा आडवी आली नाही, अथणी-निपाणीच्या कारागिराचा हक्क मान्य झाला. जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा या कंपनीने तशाच चपला आपल्या फॅशन शोमध्ये दाखवल्या. ओरड झाली तेव्हा कंपनीने प्रेरणा कुठून घेतली ते मान्य केले. त्या दिवसांत जगभरात कित्येकांनी कोल्हापुरी चप्पल हे शब्द प्रथमच नेटवर शोधले असतील. त्यांना कोण सापडले? ज्याचे स्वतःचे नाव, स्वतःचे पान, भाव आणि फोन नंबर तिथे होता तो. ज्या कारागिराचा हात सर्वांत चांगला तो सापडला असेलच असे नाही. मानांकन साऱ्या समाजाच्या नावाला कवच देते. गिऱ्हाइकाला आपल्या उंबऱ्यापर्यंत आणायला मात्र आपले स्वतःचे नाव लागते.

सीमाभागाला आणखी एक सूचना. नेटवरून माल विकू लागलो की इचलकरंजीचे गिऱ्हाईक शेजारचे वाटते, पण कागदावर ते परराज्यातले असते. वस्तूंची परराज्यात विक्री केली तर उलाढाल लहान असली तरी जीएसटी नोंदणी लागते. हस्तकलेसारख्या काही मालाला त्यात सवलत आहे. वेबसाइटवर 'पैसे भरा' हे बटण लावण्यापूर्वी आपल्या कर सल्लागाराला एकदा विचारून घ्या.

पेटीत ठेवायचा कागद

आता शेवटचे. वेबसाइट करून देणाऱ्याला पैसे देण्यापूर्वी पाच प्रश्न विचारा आणि उत्तरे लेखी घ्या. एक, डोमेनचा रजिस्ट्रंट कोण? उत्तर 'तुम्ही' असेच हवे. दोन, ते कोणत्या रजिस्ट्रारकडे आहे, कोणत्या ईमेलवर आहे आणि त्या खात्याचा पासवर्ड कोणाकडे आहे? तीन, होस्टिंग कुठे आहे आणि बॅकअप कसा मिळेल? चार, पहिल्या वर्षी फुकट असलेल्या गोष्टींचा दुसऱ्या वर्षीचा खर्च किती? पाच, उद्या तुमच्याशी व्यवहार थांबला तर सगळ्या किल्ल्या किती दिवसांत देणार?

प्रामाणिक माणूस या प्रश्नांनी रागावत नाही. तो म्हणेल, "बरे झाले, तुम्ही विचारलेत." जो टाळाटाळ करेल त्याचे उत्तरही त्यातच आले.

ही उत्तरे एका कागदावर लिहा आणि तो कागद घराच्या उताऱ्याबरोबर, विम्याच्या कागदांबरोबर पेटीत ठेवा. त्यावर रजिस्ट्रारचे नाव, ईमेल, रिन्यूअलची तारीख एवढे असू द्या. पासवर्ड वेगळा ठेवा, पण घरात आणखी एकाला तो कुठे आहे हे माहीत असू द्या. आपली घरे इथे कैक पिढ्या नांदली. जमिनीला वारसनोंद होते, दुकानाला वारस मिळतो. पण डोमेनचे खाते वडिलांच्या मोबाइलवर, ओटीपी त्याच नंबरवर, आणि वडील गेल्यावर तो नंबरही बंद, असे झाले तर पोराला स्वतःच्या घराण्याचे नाव परत मिळवायला दारोदार फिरावे लागते. या विषयावर आज रात्रीच घरी अर्धा तास बोला.

आमचे आजोबा-पणजोबा या मुलखात आले किंवा इथेच होते, त्यांनी वजनमाप सचोटीचे ठेवले म्हणून त्यांच्या नावाला पेठेत पत होती. ती पत आपल्याला फुकट मिळाली. आता पेठ रुंद झाली आहे, पाटी वेगळ्या जागी लावायची आहे. पाटी लावा, पण ती आपल्याच नावावर लावा.

विघ्नहर्ता सर्वांच्या व्यवसायाला बरकत देवो. गणपती बाप्पा मोरया!